कोणतं पिंपळगाव

मे अखेरचा, नऊ दिवसांचा नवतपा लागला की वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघ्यात सकाळचा चहा संपेस्तोवर दुपार होते. रस्ता आधी पांढरा पडतो, मग ओस. भाजीची हातगाडी लवकर येऊन लवकर निघून जाते, कुत्री नालीच्या सावलीत पाय पसरतात, आणि जो तो खिडक्या लावून, जाड पडदे ओढून कूलरच्या पुढ्यात जाऊन बसतो. यंदाही तेच सुरू झालं आहे. काल कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या. पंप सुरू झाला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, हा वास फार आवडतो. तो डोळे मिटून कूलरसमोर उभा राहिला. मला मात्र त्या वासाबरोबर गेल्या वर्षीची हीच खोली आठवली, आणि आपण कुणासाठी लिहितो आहोत हे न कळता स्क्रीनपुढे वाक्यं खोडत बसलेली मी.

गेल्या वर्षी होळीनंतर सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. प्रकाश तिथेच औषधांच्या विभागात नोकरीला, त्यामुळे दवाखान्यातलं सगळं त्याने सांभाळलं. घरी आणल्यावर मात्र आई माझ्या झाल्या. त्यांना उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची. मी घरूनच काम करत होते, म्हणून घरी कोण थांबणार हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. मीही नाही. आईंची खाट कूलरच्या वाऱ्यात, माझं टेबल त्यांच्या पायथ्याशी. काही हवं असलं की त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. कुणाशी ऑनलाइन बोलायचं तर कूलर बंद करावा लागे, कारण त्याच्या घरघरीत समोरच्याला काही ऐकू जात नसे. कूलर बंद केला की दोन वाक्यांत कपाळावरून घाम ओघळायचा आणि खाटेवरून आई म्हणायच्या, "आटप वं बाई लवकर. जीव चालला."

आमचं ऑफिस नागपूरला. लहानसं, खाजगी. विदर्भातल्या गावागावांतून विहिरी, बोअर आणि हातपंप यांच्या पाण्याच्या नोंदी जमवायच्या आणि ज्याला जी माहिती हवी ती काढून द्यायची, हे तिथलं काम. सरपंच फोन करायचे, ग्रामसेवक करायचे, कॉलेजातली अभ्यास करणारी मुलं करायची. फोन उचलणाऱ्या आम्ही काही जणी. त्यांत सगळ्यांत जुन्या नीलिमाताई. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज थोडा घोगरा. मला हे काम त्यांनीच शिकवलं. कुणी काही विचारलं की त्या आधी उत्तर द्यायच्याच नाहीत, उलट विचारायच्या. "पाणी किती आहे म्हणजे, विहिरीत की बोअरमध्ये? प्यायला पाहिजे की ओलिताला? कधीचं पाहिजे, आजचं की मागच्या साली याच महिन्यातलं?" समोरचा आधी वैतागायचा, मग त्यालाच कळायचं की आपल्याला नेमकं काय विचारायचं होतं.

एप्रिलमध्ये पुण्याहून सौरभचा कॉल आला. सौरभ आमचा नवा मॅनेजर, माझ्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी लहान, बोलायला नम्र. म्हणाला, "ताई, आपला सगळा डेटा आता एका टूलमधून काढता येणार आहे. पण ते टूल माणसं वापरणार नाहीत, एआय एजंट वापरतील. लोक आपला प्रश्न एजंटला सांगतील. एजंट स्वतःच ठरवेल की टूलला काय विचारायचं, आलेले आकडे वाचेल आणि उत्तर देईल. त्या एजंटला वाचायला डॉक्युमेंटेशन लागेल. टूल कसं वापरायचं, कोणत्या रकान्याचा अर्थ काय, कुठे चूक होऊ शकते. ते तुम्ही लिहा. तुमच्याइतकं चांगलं कुणी लिहिणार नाही."

मी विचारलं, "आणि आमच्या फोनचं काय?"

"ते बघू ना ताई. आधी हे होऊ दे."

कूलर बंद होता. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आईंना टाकून नागपूरला रोज जाता येणार नव्हतं, वर्ध्यात घरबसल्या असलं काम देणारं कुणी नव्हतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा ती खोली लहान वाटली. खाट, टेबल, पडदे, कूलर, यांच्यामध्ये उभं राहायला जेमतेम एका माणसाची जागा.

मी आजवर खूप सूचना लिहिल्या होत्या, पण सगळ्या माणसांसाठी. माणूस वाचतो तेव्हा अर्धं आपल्या पदरचं घालतो. "अलीकडची नोंद बघा" असं लिहिलं की माणसाला कळतं, उन्हाळ्यात अलीकडची म्हणजे या आठवड्यातली. मी तसंच लिहिलं आणि एजंटने चाचणीत मागच्या दिवाळीतली नोंद उचलली. त्याच्या दृष्टीने तीच अलीकडची होती, कारण त्या गावात त्यानंतर कुणी मोजायलाच गेलं नव्हतं. मग पाण्याची खोली. आमच्याकडे कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट, ते लिहितात. आकडा मोठा म्हणजे पाणी खाली गेलेलं. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की लिहावं असं वाटलंच नाही. एजंटने सगळ्यांत मोठा आकडा शोधला आणि ती विहीर तालुक्यात सर्वांत जास्त पाण्याची असल्याचं सांगितलं. मी हसले, आणि मग हसू गेलं. उत्तराची भाषा इतकी व्यवस्थित होती, इतकी खात्रीची, की ज्याला ठाऊक नाही त्याने ती डोळे मिटून मानली असती.

मग मी एकेक शब्द तपासायला लागले. "साधारणपणे" काढला. "शक्यतो" काढला. "नेहमीप्रमाणे" काढला. डॉक्युमेंटेशन इंग्रजीत द्यायचं होतं, पण मी आधी मराठीत लिहून बघायची, कारण मराठीत मला माझी लबाडी लवकर कळते. शिवाय फार लांब लिहून चालायचं नाही. एजंट जेवढं वाचेल तेवढी त्याची लक्षात ठेवायची जागा खर्च होते, असं सौरभ सांगायचा. सगळं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. दिवसभरात कधी चार वाक्यं व्हायची, तीही संध्याकाळी पटायची नाहीत.

आई पडल्या पडल्या बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "कोनासाठी लिहून राह्यली वं एवढं?"

"कॉम्प्युटरसाठी, आई."

"त्याले वाचता येते?"

"येतं."

"मंग त्याले समजावून काऊन सांगा लागते?"

मी म्हटलं, "त्याला वाचता येतं, विचारता येत नाही."

आईंनी माझ्या स्क्रीनकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "मले तं दोनी येते, पन उठता नाई येत." आणि स्वतःच हसल्या. त्या हसल्या की दुखायचं, म्हणून हसू अर्धं गिळायच्या. मी त्यांना पन्हं दिलं. दोघी पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघेकडे बघत बसलो. ती रेघ फरशीवरून सरकत खाटेच्या पायापर्यंत आली की दुपार संपत आली असं आम्ही समजायचो. आईंना त्या खाटेचा कंटाळा होता, मला त्या टेबलाचा. पण एकमेकींना तसं म्हणायची सोय नव्हती, कारण म्हटलं असतं तर ते एकमेकींनाच लागलं असतं.

नवतप्यातच एजंटची खरी चाचणी सुरू झाली. काही गावांचे प्रश्न आमच्याकडे न येता सरळ त्याच्याकडे जाऊ लागले. आमचा फोन अजून चालू होता आणि एका दुपारी तो माझ्याकडे वळवलेला होता.

"मॅडम, मी पिंपळगावहून बोलून राह्यली. सरपंच वनिता," पलीकडून बाई म्हणाली. मागे वारा सूं सूं करत होता. "टँकरच्या अर्जाले जोडाले आमच्या इहिरीची माहिती मागतली होती. तं मोबाइलवर तुमचं उत्तर आलं का इहिरीत पानी भरपूर हाये. मी आता इहिरीपाशीच उभी हाय. खाली खडक दिसून राह्यला."

मी सवयीने विचारलं, "कोणतं पिंपळगाव, ताई?"

"कारंजाकडचं. डोंगराकडचं. आमी गोंड लोक हावोत इथले. त्या दुसऱ्या पिंपळगावाले पानी असन, तिकडं नदी हाये."

मी बघितलं. एजंटने हिंगणघाटकडचं पिंपळगाव उचललं होतं. यादीत ते आधी येत होतं, एवढंच. आकडे खरे होते, तारीख खरी होती, गाव दुसरं होतं. मी त्यांना बरोबर माहिती काढून पाठवली. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "बरं झालं तुमी उचलला. मी तं म्हणत होती, लिहून आलं हाये तं आपलंच कुठी चुकलं असन."

ते वाक्य माझ्या अंगावर आलं. विहिरीच्या काठावर उभं राहून, डोळ्यांनी खडक बघत असताना, या बाईला क्षणभर वाटलं होतं की आपलंच चुकलं असेल.

मी लगेच नीलिमाताईंना फोन लावला आणि झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सौरभला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग नको सांगू. तू लिहून राहिली ना, त्यातही टाकू नको." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "एकाच नावाची गावं किती आहेत आपल्याकडे. पिंपळगाव, बोरगाव, सावंगी. यात तो चुकणार. चुकू दे. लोक फोन करतील, आपण निस्तरू. मग यांना कळेल की फोनवर माणूस लागतं. तू हे पण लिहून दिलं तर आपल्याकडे काय राहिलं?"

"पण ताई, ज्यांनी फोन केला नाही त्यांचं?"

"करतील."

"वनिताताई करणारच नव्हत्या."

"केला ना पण." मग हळू म्हणाल्या, "या वयात मला कोण कामाला ठेवणार, वैशाली? तुझ्या घरात तरी माणसं आहेत."

मी फोन ठेवला. पेल्यावर चमचा वाजत होता. मी जाऊन आईंची कूस बदलून दिली, उशी सारखी केली आणि परत टेबलाशी येऊन बसले. नीलिमाताई चूक बोलल्या असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्या कामात आयुष्य गेलं ते वाचवायला एक वाक्य न लिहिणं, हे काही फार मोठं मागणं नव्हतं. मला फक्त हात आवरायचा होता. आणि ते वाक्य माझ्याही पोटावर येणारं होतं. तरी सारखा तो वारा ऐकू यायचा आणि एक बाई विहिरीत वाकून बघताना दिसायची. मी चांगलं लिहिलं तर आमचं दार बंद, वाईट लिहिलं तर कुणाच्या तरी घागरीत खडक. त्या खोलीत तिसरी वाट नव्हती. पडदा सारून खिडकी उघडली तर गरम वाफ तोंडावर आली. लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आईंची अंघोळ उरकल्यावर, मी लिहिलं. "गावाचं नाव एकटं कधीही वापरू नका. एका नावाची अनेक गावं असतात. तालुका माहीत नसेल तर उत्तर देऊ नका. आधी विचारा." खाली दोन्ही पिंपळगावांचं उदाहरण दिलं. पाठवण्याआधी नीलिमाताईंना मेसेज केला, "मी ते लिहिते आहे." पाठीमागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढंच मनात होतं. त्यांनी तो वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.

सौरभला ते इतकं आवडलं की मीटिंगमध्ये त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. नीलिमाताईंचा चौकोन काळा होता, कॅमेरा बंद. चाचणीत पुढे एजंटला कुणी सावंगीचं पाणी विचारलं तेव्हा तो खरंच थांबला आणि त्याने उलट प्रश्न केला, "कोणत्या तालुक्यातली सावंगी?" मी ते स्क्रीनवर वाचलं आणि मला वाटलं, हा प्रश्न मी ओळखते. याच्या मागे एक घोगरा आवाज आहे. त्या आवाजाचं नाव त्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेच नव्हतं. तिथे नावाला जागाच नसते.

दिवाळीच्या आधी फोन बंद झाला. बाकीच्या जणींची नोकरी गेली, नीलिमाताईंचीही. मला अर्ध्या वेळेवर ठेवलं, डॉक्युमेंटेशन दुरुस्त करत राहायला. मी नीलिमाताईंना कितीदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. हिवाळ्यात आई वॉकर धरून चालायला लागल्या, अंगणात तुळशीपर्यंत, मग फाटकापर्यंत. मला वाटलं होतं, त्या उठल्या की मीही उठेन. पण त्या फाटकाशी उभ्या राहून शेजारणीशी बोलायच्या आणि मी आत त्याच टेबलाशी असायची. दार उघडं होतं. बाहेर जाऊन कुणाला भेटायचं हेच ठरत नव्हतं.

आणि आज, नव्या ताट्यांचा वास अजून ताजा असताना, ऐन दुपारी फाटक वाजलं. डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेली बाई उभी होती. दुपट्टा सोडला तेव्हा कळलं, नीलिमाताई.

"लग्नाला आली होती वर्ध्याला," त्या म्हणाल्या. "जेवण आटोपलं. गाडी संध्याकाळची आहे. हॉलमध्ये बसवत नव्हतं."

मी त्यांना आत घेतलं, आधी गुळाचा खडा आणि माठातलं पाणी दिलं. आम्हा दोघींत काय झालं ते आईंना माहीत नव्हतं, त्या आनंदल्या. खुब्याची सगळी कथा त्यांनी पहिल्यापासून सांगितली. नीलिमाताईंनी मध्ये मध्ये विचारलं, कोणता पाय, जिना चढता येतो का, झोप लागते का. आईंना इतकं नीट कुणी विचारलं नव्हतं. मग आईंचा डोळा लागला आणि खोलीत कूलरचीच घरघर उरली. बाहेर पाऊल टाकण्यासारखं ऊन नव्हतं. नाहीतर त्या उठून गेल्या असत्या, आणि मीही त्यांना थांबवलं नसतं. ऊन उतरेपर्यंत आम्हाला एकमेकींसमोर बसणं भाग होतं.

"आता काय करता ताई?" मी विचारलं.

"मावसभावाचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे बसते. बरं आहे. माणूस समोर बसते, दिसतं का विचारलं की सांगते." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुझ्यावर राग आहे माझा."

"माहीत आहे."

"तू बरोबर केलं असं मी म्हणणार नाई."

"म्हणू नका."

मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. "तेच आहे का ते? बघू."

मी माझा मराठी मसुदा उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. बोट स्क्रीनवर न टेकवता ओळीखालून फिरवत होत्या. दोन्ही पिंपळगावांपाशी बोट थांबलं. मग पुढे गेलं. हातपंपांच्या भागात मात्र त्या अडल्या.

"हे काय लिहिलंस? हातपंप बंद असेल तर पाणी नाही असं समजावं?"

"हो."

"बंद म्हणजे कसा बंद? खालचं पाणी आटलं म्हणून बंद, की दांडा तुटला म्हणून बंद? दांडा तुटला असेल तर मिस्त्री पाठवायचा, टँकर कशाला?"

वर्षभर मी ते वाक्य दुरुस्त करत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. एका शब्दावरून आमचं वाजलंही. त्यांना "नादुरुस्त" हवा होता, मला "मोडलेला". शेवटी "मोडलेला" राहिला. त्या मान हलवून म्हणाल्या, "ठीक आहे, पण मला पटलेलं नाई." आई जाग्या होऊन आमच्याकडे बघत होत्या. कुणाला काही हवं आहे का असं त्यांनी विचारलं नाही, नुसत्या पडून ऐकत राहिल्या.

मग मला जाणवलं की खोलीत उजेड वेगळा झाला आहे. बाहेर कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं, तापलेल्या मातीचा वास येत होता. ऊन उतरलं होतं. ऑटो मिळाला असता, गाडीलाही वेळ होता. मी म्हटलं, "ताई, आता निघता येईल तुम्हाला."

त्यांनी चष्मा वर सरकवला, खिडकीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

"पुढचं पान काढ," त्या म्हणाल्या.